सेनापतीची मूठ

१

क्लबातले लोक त्याला दातोबा म्हणायचे, कारण तो दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि हा लॅबमध्ये बसून त्यांत एकेक दात बसवायचा. कुणाचा सुळा किती वाकडा ठेवायचा, कुणाच्या पुढच्या दातांत बारीकशी फट सोडायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अगदी सरळ एकसारखे दात बसवले की माणूस मेल्यासारखा दिसतो, असं तो म्हणायचा. काम संपलं की घरी यायचं, चहा ढोसायचा आणि मागच्या खोलीत आपल्या फौजेपुढे जाऊन बसायचं, हा त्याचा नेम.

फौज म्हणजे बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक. टेबलावर टेकड्या आणि पूल मांडायचे, फासे टाकायचे आणि दुसऱ्याच्या फौजेशी लढाई खेळायची, असा तो खेळ. सैनिकांचे खोके बाजारात मिळतात. आत हात-पाय-डोकी सुटी असतात, चिकटवली की झाला सैनिक. पण तसले एका छापाचे बावळट दातोबाला खपायचे नाहीत. तो एका खोक्यातले पाय घ्यायचा, दुसऱ्यातलं धड, तिसऱ्यातलं डोकं, आणि कानशीने घासून, पुट्टी भरून, त्यातून असा काही प्राणी उभा करायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. उरलेसुरले तुकडे एका पत्र्याच्या डब्यात जायचे. तुकडा कधीही फेकायचा नाही, हा त्याच्या घरातला एकमेव कायदा.

बायकोला हा कायदा मान्य नव्हता. ती कपडे शिवायची, आणि तिचं मशीन स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला अडकून पडलं होतं. गिऱ्हाइकं नवा ब्लाउज नाकाशी नेऊन फोडणीचा वास घ्यायची. मागची खोली मिळाली असती तर तिने दोन मुली हाताखाली घेतल्या असत्या. हे ती नवऱ्याला रोज सांगायची, आणि साध्या शब्दांत कधीच नाही. तिच्या तोंडून टोमण्याशिवाय वाक्य बाहेर पडायचंच नाही.

"चाळिशी उलटली तुझी, आणि बाहुल्या खेळतोस."

"बाहुल्या नाहीत, सैनिक आहेत."

"हो का? मग सांग की तुझ्या सैनिकांना, या म्हणावं जरा भांडी घासायला. फुकट राहतायत सगळे."

"तुझ्या मशीनची घरघर ऐकून माझे कान किटलेत, ते मी बोलतो का कधी?"

त्या शनिवारी मात्र भांडण शब्दांवर थांबलं नाही. तिने टेबलावरचा सैनिकांचा ट्रे उचलला, 'हे बघ, असा जातो कचऱ्यात' म्हणाली, आणि दातोबाने तिचं उजवं मनगट धरलं. जरा जास्तच जोरात धरलं. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली, तेव्हा त्याला ते कळलं आणि त्याने सोडलं. तिने पिशवी भरली.

"ताईकडे चाललेय," दारातून ती म्हणाली. "परत येईन तेव्हा ही खोली रिकामी दिसली पाहिजे. नाहीतर मी तिकडेच जागा बघते. मग बस इथे, प्लास्टिकशी संसार कर."

बायको खोटं बोलत नाही, हे दातोबाला पक्कं माहीत होतं. तिच्या तोंडाला तो कितीही वैतागला तरी तिच्याविना घर ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. तो घाबरला, हे खरं.

२

रविवारी सकाळी त्याने पुठ्ठ्याची खोकी आणली, सैनिक भरायला. पण पुढच्या आठवड्यात वकिलाशी सामना होता. वकील म्हणजे क्लबातला याचा जुना वैरी. जिंकला की अशील सोडवल्यासारखा हसायचा. फौजेचा सेनापती तेवढा अर्धवट होता. एवढा हातावेगळा करतो आणि मग आवरतो, असं दातोबाने स्वतःला सांगितलं. आळशी माणूस स्वतःला जे सांगतो तेच.

सेनापतीचं डोकं तयार होतं. ओरडून हुकूम देणारं, तोंड उघडं, आत एकेक दात सुटा कोरलेला. या दातांपायीच त्याने ते डोकं निवडलं होतं. हस्तिदंती रंगाने दात रंगवून, मधल्या रेघांत तपकिरी पाणी सोडून, ते त्याने आधीच मानेवर चिकटवून टाकलं होतं. खटकत होता तो उजवा हात. भाला अडकवायला मधोमध भोक असलेली ती नेहमीची आवळलेली मूठ! सेनापतीने कसं, पंजा उघडून समोर दाखवायला हवं. त्याने कटर लावला. टक्. मूठ उडून टेबलावर पडली. डावा बूटही त्याला जड वाटला, तोही त्याने कापला.

मग त्याने डबा उपसला. सैनिकांच्या खोक्यांत उघडे पंजे जवळजवळ नसतातच. प्रत्येकाला काही ना काही धरायचं असतं. तरी त्याला एक सापडला. नाजूक, बोटं पसरलेली, करड्या प्लास्टिकचा. हा कुठल्या खोक्यातला, त्याला आठवेना. त्याच्या खालीच एक अनवाणी पाऊल होतं.

चिकटवण्याआधी तुकडा कोरडाच लावून बघायचा, ही या कामातली पहिली शिकवण. वेगवेगळ्या कारखान्यांचे तुकडे एकमेकांत सरळ बसतील तर शपथ. फट राहतेच, घासावं लागतंच. हा पंजा मनगटावर टेकवला आणि फट कुठे आहे ते त्याला दिसेना. पाऊलही तसंच. दातोबाने भिंग लावून बघितलं. सांधा नव्हताच. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण मानेवर काटा आला. वर 'अरे वा' असं तो मोठ्याने म्हणाला, रिकाम्या घरात.

एरवी असा उपरा तुकडा तो सुपरग्लूने लावायचा. तो जोड मनात आलं तर सोडवता येतो. पण इतकं नेमकं बसतंय म्हटल्यावर त्याने पातळ सिमेंटची बाटली उघडली. हे सिमेंट चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. एकदा लावलं की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. त्याने ब्रशाने एक थेंब मनगटाला आणि एक घोट्याला सोडला.

मग त्याने बोटं नीट बघितली. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. बायकोची अशीच होती. लहानपणी दारात चेमटलेली. दातोबा हसला. भांडून गेली तरी बाई डोक्यातून जात नाही, म्हणाला.

कापलेली मूठ आणि बूट डब्यात टाकायला त्याने टेबलावर हात फिरवला. दोन्ही तिथे नव्हते. टेबलाखाली बघितलं, चटई झटकली, खिसेही उलटे केले. या खोलीतून आजवर एक नखही हरवलं नव्हतं.

३

संध्याकाळी मोठ्या मेहुणीचा फोन आला.

"भांडलात ते भांडलात, पण तू हिच्या हाताला काय केलंस?"

"मी? काही नाही. का?"

"उजवी मूठ वळलीय, दुपारपासून उघडत नाहीये. मी तेल लावून बघितलं, गरम पाण्यात धरून बघितलं. दगड झालाय नुसता. थांब, देते तिला."

बायको फोनवर आली. "घाबरू नकोस, मेले नाहीये अजून. डॉक्टर म्हणतात शीर आखडलीय, कात्री धरून धरून. त्यांना काय जातंय बोलायला! पायही जड झालाय. खोली आवरलीस का?"

"आवरतोय."

"म्हणजे नाही."

दातोबाने फोन ठेवला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं त्याने मनाशी घोकलं. तो काही अडाणी नव्हता. शिरा आखडतात. करंगळ्या वाकड्या असतात, जगात हजारो असतील. त्याने सेनापतीवर एक रुमाल टाकला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कुणा म्हाताऱ्याचे दात दोनदा उलटे बसवले.

बुधवारी संध्याकाळी तो घरी एकटा असताना जिन्यावर पावलं वाजली. बायकोची चाल त्याला झोपेतही ओळखू आली असती. भराभर चढायची आणि चढता चढता शेजाऱ्यांना दोन शब्द ऐकवायची. ही पावलं सावकाश येत होती. एक हलकं, एक जड. मधेच थांबत होती, पुन्हा हलकं, पुन्हा जड. दातोबाने दार उघडलं नाही. तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं, डाव्या हाताने, खूप वेळ खटपट करून.

४

तिने खोलीचं विचारलंच नाही. दातोबाने तीन दिवस घोटून ठेवलेल्या सबबी तशाच राहिल्या. ती सरळ ओट्याशी गेली, आणि त्याने बघितलं की तिने पळी घेतली ती धरली नाही, मुठीत वरून खुपसली. पळी गच्च बसली. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये आरपार एक गोल भोक होतं, आणि ते भोक किती रुंद असतं हे दातोबाला अंधारातही सांगता आलं असतं. भाल्याच्या दांड्याएवढं. माणसाच्या मापाने वाढवलेलं, एवढंच.

मनगटाभोवती एक बारीक रेघ होती. पुट्टी न भरता सोडून दिलेला सांधा.

"काय बघतोस?"

"काही नाही. दुखतंय का?"

"दुखत नाही. तेच वाईट आहे." तिने आवाज चढवला. "तूच केलंयस हे. त्या दिवशी असा धरलास हात, वैऱ्याने धरावा तसा. तेव्हापासून झालंय."

"वेड लागलंय का तुला? मनगट धरल्याने कुणाची मूठ वळते?"

"मग कशाने वळते? सांग ना! तू तर हातापायांचा मोठा जाणकार. डबे भरलेत तुझ्याकडे!"

चोराच्या मनात चांदणं. दातोबाच्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र बोलण्याच्या भरात बोलली होती. डाव्या पायातला मोजा तिने काढला नव्हता, आणि त्या मोज्याखाली पायाला बोटांचा आकारच दिसत नव्हता.

जरा वेळाने ती मशीनवर बसली. कापड सरकवायला उजवा हात पुढे नेला. मूठ कापडावरून घसरली, शिवण तिरकी गेली. तिने उसवलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिरकी. मग तिने कपाळ मशीनवर टेकलं आणि रडली. दातोबाने तिला चिडलेली पाहिली होती, रुसलेली पाहिली होती, भांडी आपटताना तर रोजच पाहिली होती. रडताना पाहिलं नव्हतं. स्वतःच्या पोरखेळाची त्याला एवढी किळस आली की त्याला तिथे उभं राहवेना. मनातल्या मनात तो तिची माफी मागत होता. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "होईल बरं."

"डोंबलाचं होईल," ती म्हणाली.

५

क्लबातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेली एक युक्ती आहे. चिकटवलेला सैनिक सोडवायचा असेल तर तो फ्रीजरमध्ये ठेवायचा. गारठ्याने सुपरग्लू काचेसारखा ठिसूळ होतो, आणि हलका झटका दिला की सांधा टक् करून तुटतो. सिमेंटच्या जोडावर याचा उपयोग नाही, हे दातोबालाही माहीत होतं. पण करवत लावायची त्याची हिंमत नव्हती. गुरुवारी सकाळी त्याने एकदा करवतीचे दात त्या चिमुकल्या मनगटावर टेकवले होते, आणि स्वयंपाकघरात बायको किंचाळली होती. 'काही नाही, कळ आली,' असं नंतर म्हणाली होती. बुडत्याला काडीचा आधार, त्यातली गत. सिमेंट पुरतं मुरलं नसेल, एखादवेळेस सुटेल, असं म्हणून त्याने लॅबमधून रजा घेतली आणि बर्फाच्या ट्रेमागे सेनापती आडवा ठेवला.

बायको पाठमोरी, मशीनसमोर बसली होती. डाव्या हाताने बटणं लावायचा प्रयत्न चालला होता.

"खिडकी लाव रे ती. गार येतंय."

"बंदच आहे."

"मग माझी बोटं का गारठलीत?"

"कुठल्या हाताची?"

"याच. उजव्या." ती मुठीकडे बघत होती. तिचा आवाज आज पहिल्यांदा लहान झाला. "या मुठीला काही कळत नाही. पण बोटं... माझी बोटं कुठेतरी आहेत आणि ती गार पडतायत. हे असं कुणाला सांगायचं? वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील मला."

त्याच क्षणी फ्रीजर उघडायला हवा होता. दातोबाचा हात तिथवर गेलाही. पण त्याच्या डोक्यात कारागीर जागा झाला: लागतंय म्हणजे लागू पडतंय. अजून थोडं. एवढ्याने सांधा सैल झाला असेल.

"थोडा दम धर," तो म्हणाला.

"दम धर? तुला दम धरायला सांगायला काय जातंय! तुझा हात असता तर आत्तापर्यंत घर डोक्यावर घेतलं असतंस, आणि वर मलाच म्हणाला असतास की..."

फ्रीजरमध्ये टक् असा आवाज झाला.

बायकोचं वाक्य तिथेच तुटलं. दातोबाने वाट बघितली. आजवर तिने वाक्य अर्धं सोडलं नव्हतं. तिची पाठ ताठ होती, मान किंचित वर, आणि खांदे हलत नव्हते.

त्याने फ्रीजर उघडला. पंजा जागेवर होता. पाऊल जागेवर होतं. सेनापतीला डोकं नव्हतं.

डोकं सुपरग्लूने लावलं होतं. स्वतःच्या हाताने. क्लबात नव्या माणसाला आधी हेच विचारतात, बाबा रे, कुठला जोड कशाने लावलायस? त्याने ट्रे उपसला, बर्फ खरवडला, नखं लाल होईपर्यंत चाचपलं. डोकं फ्रीजरमध्ये नव्हतं. आणि सापडणार नाही, हे चाचपतानाच त्याला कळलं होतं.

मशीन सुरू झालं. एकाच लयीत, न थांबता, सरळ शिवण.

"ऐकतेस का?" दातोबा म्हणाला.

"जा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. तिने वळून बघितलं नाही. पुढे ना टोमणा, ना शिवी, ना 'तोंड काळं कर'. नुसतं जा. लग्नापासून नको झालेले ते टोमणे त्या क्षणी परत मिळावेत म्हणून त्याने काहीही दिलं असतं.

तो गेला.

६

मागच्या खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं. बिनडोक्याचा सेनापती त्याने टेबलावर ठेवला; डबा तिथेच होता. दातोबाने झाकण उघडलं तेव्हा शोधावं लागलं नाही; सगळ्यात वर तेच पडलं होतं. वाटाण्याएवढं, करडं, रंग न लागलेलं. केस मागे बांधलेले. ओठ अर्धे उघडे, पुढच्या शब्दासाठी वळलेले. 'मलाच म्हणाला असतास की' याच्या पुढचा शब्द.

ते तळहातावर घेऊन तो खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. चिडलेलं होतं ते. भुवया जवळ आलेल्या, नाकपुड्या फुललेल्या. किती चांगली चिडायची ती.

तिला डब्यात ठेवणं त्याला शक्य नव्हतं. परक्या हातापायांत, तुटक्या ढालींत, तशीच अर्धी. निदान तिचं जे काय उरलंय ते एका जागी असावं. त्याने मान घासली नाही, पुट्टी काढली नाही; गरजच पडली नाही. डोकं सेनापतीच्या मानेवर टेकवलं आणि ते बसलं.

मग डोळ्यांचं आलं. सैनिकाचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. तोवर ते प्लास्टिक असतं, कितीही सुंदर असलं तरी. पांढऱ्यावर तो काळा ठिपका पडला की मग ते आपल्याकडे बघतं. तिने आपल्याकडे बघावं, असं दातोबाला वाटत होतं. तिच्या डोळ्यांत बघून त्याला म्हणायचं होतं की चुकलो, मनगट धरलं तेव्हाच चुकलो. त्याने दिव्याचं भिंग पुढे ओढलं, बारीक ब्रश जिभेवर टोकदार केला, श्वास रोखला. आधी पांढरं. मग उजवा ठिपका, मग डावा. दोन्ही अगदी मधोमध. त्याचा हात आजवर चुकला नव्हता आणि आजही चुकला नाही.

मशीन थांबलं होतं. कधी थांबलं, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने फक्त ऐकलं होतं, आणि ऐकूनही कामात असल्यामुळे मनावर घेतलं नव्हतं: एक हलकं, एक जड.

त्याने भिंगातून बघितलं. ठिपके मधोमध होते आणि तरी ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती, वर. भुवया आता चिडलेल्या नव्हत्या. आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेली त्याची बायको भ्याली होती.

भिंगाच्या काचेत, कडेला, मागचं एक प्रतिबिंब हललं. खिडकीचं ऊन, त्यात एक हनुवटी, आणि उघडं तोंड. डोळ्यांपर्यंत काच पोचत नव्हती. पण दात दिसले. वरचे सगळे, खालचे सगळे, सरळ, एकसारखे. आणि प्रत्येक दोन दातांमध्ये बारीक तपकिरी रेघ. ती रेघ कुणी ओढली होती हे त्याला विचारावं लागलं नाही. मागे कुणी श्वास घेत नव्हतं.

तळहातावरचे दोन डोळे मागे रोखलेले होते. मग ते सावकाश त्याच्याकडे आले. ते त्याला काय सांगत होते, ते समजायला शब्द लागले नाहीत. वळू नको. काहीही झालं तरी वळू नको.

"वळ," मागून बायकोचा आवाज म्हणाला.

दातोबाने मूठ हलकेच मिटली, आत ती होती, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. काहीतरी कठीण आणि थंड त्याच्या मानेला टेकलं.

"वळ."

तो वळला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्याने बायकोचं ऐकलं.